शनिवारच्या डब्यातलं दूध

आई, मी तासगावला आहे. इथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा तपासायचं काम करते. तू ज्या शेडवर बेदाणा निवडायला जायचीस ती इथून फार लांब नाही, पण मी तिकडं जात नाही. आत्ता जेवणाची सुट्टी झालीय, बायका बाहेर सावलीला भाकरीची फडकी सोडून बसल्यात, आणि मी नमुन्याच्या खोलीत दाराला खुर्ची लावून तुला लिहितेय. या दाराला कडी नाही. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. मला मुलगी झालीय, तिला सहावा महिना चालू आहे. तुला हे सांगायला एवढा उशीर केला, कारण चांगलं काही सांगण्यासारखं होईल म्हणून थांबले होते.

नवरा फौजेत, लांब. घर कोरेगावजवळच्या गावात, तिथं सासूबाई एकट्या. मी त्यांना आत्या म्हणते. दावणीला गाय आहे, तिला सोडून आत्या माझ्याबरोबर येऊ शकत नाहीत, आणि मी इथं दोन पोरींबरोबर एका खोलीत राहते, तिथं तान्हं लेकरू कुठं आणू? बाळंतपणाची रजा संपली ती ऐन हंगामात. नोकरी कंत्राटी. मालक तसा वाईट नाही, "बघा बाई, जमत असेल तर या," एवढंच म्हणाला, पण त्या "जमत असेल तर"चा अर्थ न कळायला मी काही दूधखुळी नाही. तीन महिन्यांची पोर आत्यांच्या ओटीत टाकली आणि आले.

पण दूध माझंच पाजायचं, एवढं ठरवून आले होते. सांगलीत एक बाई नोकरी करणाऱ्या बाळंतिणींसाठी सेवा चालवतात. पंप भाड्यानं देतात, दूध साठवायच्या पिशव्या आणि बर्फाचा डबा देतात, पाठीचे व्यायाम शिकवतात, आणि फोनवर पंधरा मिनिटं आपलं म्हणणं न तोडता ऐकून घेतात, जे दुसरं कुणीच करत नाही. गोठवलेलं दूध महिनोन्‌महिने टिकतं म्हणाल्या, हवं तर वाळवून त्याची पावडरही करून मिळते. हे मी निवडणाऱ्या बायकांना सांगितलं तर त्यातली एक म्हणाली, "आगं बया, म्हंजी आता दुधाचाबी बेदाना!" आम्ही सगळ्याच पोट धरून हसलो. पावडरीच्या भानगडीत मी पडले नाही. दिवसातून तीनदा या खोलीत बसायचं, पिशवीवर तारीख घालायची आणि ऑफिसच्या फ्रीजरमध्ये मागं सारून ठेवायची. शनिवारी सुटलं की डबा मांडीवर घेऊन एसटीत बसायचं, कडेगावला गाडी बदलायची. कंडक्टर म्हणायचा डबा खाली ठेवा, मी ठेवायची नाही. त्यावर हात ठेवला की वाटायचं, मी पोरीला अगदीच टाकून आलेली नाही.

सात आठवडे हे चाललं. मग एका रविवारी पोरीला जुलाब लागले. दुपारपर्यंत पार मलूल झाली, म्हणून आम्ही दोघी तिला कोरेगावला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "वरचं दूध देता का?" मी मान ताठ करून म्हणाले, "नाही. फक्त आईचं. तासगावहून आणते मी." आणि पिशव्या काय, तारखा काय, सगळं सांगत सुटले, बक्षीस मिळाल्यासारखी. आत्या फरशीकडं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आवं डाक्टरीनबाई, म्या देतीया. गाईचं. निम्मं पानी घालून."

मला आधी काही कळलंच नाही. "आत्या, मग मी आणलेलं?"

"त्ये फाटत हुतं गं. इतळलं की वर तवंग, खाली पानी. वासबी साबनावानी यायचा. नासकं दूध लेकराच्या तोंडात कसं घालू? आन तुला सांगितलं आसतं तर तुझ्या जिवाला लागलं आसतं. येवढी राबून आनतीस."

"त्याचं काय केलं मग?"

"मोरीत न्हाई वतलं," आत्या घाईनं म्हणाल्या. "कडीपत्त्याच्या बुडात वतलं. भवतीनं दगडं लावल्यात, कुनाचा पाय पडू ने म्हनून."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोठवलेलं दूध वितळलं की असंच दिसतं, थोडा वासही बदलतो. हलक्या हातानं हलवलं की एकजीव होतं. सांगलीच्या बाईंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते सगळं नवऱ्याला मोबाइलवर पाठवलं, आणि ज्यांनी पाजायचं त्यांना फक्त पिशवी कोमट पाण्यात कशी सोडायची ते दाखवलं. तवंग येईल हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आई, मला ओरडायचं होतं. त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर ओरडायचं होतं, पण दगडं लावल्यात म्हटल्यावर मी नुसतं पोरीचं दुपटं नीट केलं.

कारण मला तू दिसलीस. मी आठ वर्षांची आहे, दुपारी तान्ह्या भावाला पाजायला कडेवर घेऊन शेडवर यायचं काम माझं. त्या दिवशी तो झोपलाय म्हणून मी एकटीच येते. तू शेडच्या मागं बसलीयस, चोळी भिजलेली, आणि कडुलिंबाच्या मुळाशी दूध पिळून टाकतीयस. मी धावत येते आणि माझा पाय त्या ओल्यावर पडतो. तू फाडकन मुस्काटात देतेस. "आईच्या दुधावर पाय देतीस व्हय गं?" मग मलाच पोटाशी धरून रडायला लागतेस. माझ्या पायामुळं रडलीस असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता दुसरं वाटतं, पण खरं काय ते तूच सांगणार, आणि तू नाहीस. मला स्वतःला किती दिवस पाजलंस तेही विचारायचं राहिलं. बाप म्हणून अण्णांना विचारलं तर म्हणतात, "आता ते कुनाच्या ध्यानात राहतंय?"

पोर चार दिवसांत बरी झाली. आत्या आता माझं दूध हलवून पाजतात, फोनवर मला दाखवतातसुद्धा. पण आता दूधच येईना. आत्यांनी अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू बांधून दिले. सांगलीच्या बाई म्हणतात, "ताई, ताण घेऊ नका, बाळाचा फोटो समोर ठेवून पंप करा." मी ठेवते. फोटोत ती आत्यांच्या मांडीवर हसतेय. अर्धा तास पंप घरघरतो आणि पिशवीचा तळ जेमतेम ओला होतो. रागवायचं कुणावर? आत्यांनी पोरीला जिवापाड जपलंय. गेल्या रविवारी तिला छातीशी धरलं तर तिनं मान फिरवली आणि आत्यांकडं झेप घेतली. आत्याच कावऱ्याबावऱ्या झाल्या. "भूक न्हाई गं तिला, आत्ताच पेलीया," म्हणाल्या. प्यालेली नव्हती. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही.

सोमवारपासून थेंबही नाही. आज गुरुवार. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आत्यांनाही नाही, सांगलीच्या बाईंनाही नाही. तीन वेळा इथं येऊन बसते आणि वेळ झाली की बाहेर जाते. परवा डबा घेऊन निघायचं की डब्याशिवाय, तेही ठरवता येत नाही. हा कागद कुठं टाकायचा नाही, पण तुझा पत्ता असता तरी मी तो टाकला नसता, कारण यापुढचं तुला वाचायला देण्याची माझी हिंमत नाही. सोमवारी पंप बंद केला तेव्हा मला रडू आलं नाही. सुटले, असं वाटलं. आणि तिथंच बसल्या बसल्या मला झोप लागली, पोर झाल्यापासून पहिल्यांदा एवढी गाढ.