लाल शाईतला शेरा

ता. ४ मार्च

ती. मामास
सा. न. वि. वि.

तुझा सातवा अर्ज परत आला आणि याही वेळी कारण नाही. नुसतं ‘नोंदीवरून विचार करता येत नाही’. आईने ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग भिंतीवरच्या बाबांच्या पदकाकडे बघत म्हणाली, एकाच तुकडीतले दोघं, एकाच दिवशी जखमी झालेले, एकाला महिन्याभरात पदक आणि दुसरा बेचाळीस वर्षं अर्ज खरडतोय, ही कुठली रीत. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली तरी पदकाची काच ती रोज पुसते.

मला मात्र राग तुझाच येतो. तुझ्या सातही अर्जांच्या नकला काढून बसले होते. अक्षर मोत्यासारखं, शिक्के जागच्या जागी, आणि ‘जखमेचा अवयव’ हा रकाना सातही वेळा कोरा. अरे, तू तुकडीचा कारकून होतास ना? दुसऱ्याने एक रकाना सोडला तर त्याला उभा सोलणारा माणूस तू. लहानपणी मी तुझ्या खांद्यामागच्या खड्ड्यात बोट घालायचे, अख्खं पेर आत जायचं. तेवढं तरी लिहायचंस.

आता बातमी. मी ज्या दप्तरखान्यात जुने कागद दुरुस्त करते तिथे लढाईच्या काळातले एकवीस गठ्ठे आलेत. पाण्याने चिकटलेले, कडा कुरतडलेल्या. पान सोडवायचं, त्याला खळीने पातळ कागद लावायचा, दाबाखाली ठेवायचं, मग पुढचं पान. चौदाव्या गठ्ठ्यावर तुमच्या तुकडीचा क्रमांक आहे, आणि त्यात ‘जखमींची वही’ आहे. म्हणजे तुझ्याच अक्षरातली. मूळ नोंदच हाती लागली तर मंडळाला पळवाट राहणार नाही.

खांदा कसा आहे? डॉक्टर अजून संधिवातावरच अडून बसलेत का?

खळीचे हात तुझ्या पायांना लावणारी,
तुझी भाची

•

ता. ११ मार्च

चि. खळबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग ते मी घडी घालून गादीखाली सारलं. का ते विचारू नकोस. ती वही तुझ्याकडे नको. दुसऱ्या कुणाला दे. तुमच्याकडे तो पान उलटताना जांभया देणारा गृहस्थ आहे ना, त्याला दे.

हात आता कानापर्यंतही जात नाही. शर्ट घालताना आधी डावी बाही, मग थोडी शिवीगाळ, मग उजवी. डॉक्टर म्हणतात वय झालं. मी म्हणतो, डॉक्टर, हे वय नाही, हे लोखंड आहे. ते मान डोलवतात, जसं म्हाताऱ्यांपुढे डोलवतात तसं. मला पदक मिरवायचं नाही गं. हे वय नव्हे, लोखंड आहे, एवढं कुणीतरी शिक्क्यानिशी लिहून द्यावं, बस. मग मी सुखाने कण्हेन.

मंडळाचं बोलावणं आलंय. २२ एप्रिल, सकाळी दहा, प्रत्यक्ष तपासणी. एकदाचा एक्स-रे काढून तो घेऊन जाईन. तो बोलेल, मी गप्प बसेन. वही मध्ये आणायची गरज नाही. त्या तंबूत आम्ही कसं लिहायचो ते तुला कसं सांगू. मी गळ्यातल्या चिठ्ठ्या बघून नाव आणि क्रमांक लिहायचो, मलमपट्टीवाला ओरडून जखम सांगायचा, ती लिहायचो, की पुढचा माणूस. त्या घाईतल्या वहीवर कुणी विसंबू नये.

ताईला यातलं काही सांगू नकोस. उगाच तिचा रक्तदाब.

तुझ्यावर रागावता न येणारा,
मामा

•

ता. १९ मार्च

ती. मामास
सा. न. वि. वि.

हे कचेरीतून लिहितेय. उत्तरही कचेरीच्या पत्त्यावर पाठव, पत्ता खाली दिलाय. घरी पाठवू नकोस. आपल्याकडे तुझं पत्र ज्याच्या हाती पडेल तो फोडतो, तुला माहीत आहे.

तू नको म्हणालास म्हणूनच मी पान उघडलं. एकशे बारावं. वाफ देऊन सोडवलं, तेव्हा ओळी एकेक करून वर आल्या. अकरावी ओळ बाबांची. नाव, क्रमांक, आणि पुढे ‘डावा खांदा, मागून, तोफगोळ्याचे तुकडे तीन, पैकी एक आत’. बारावी ओळ तुझी. ‘डावा हात, शेवटची दोन बोटं तुटली’.

मला वाटलं माझीच ओळ चुकतेय. पट्टी लावून वाचलं. तरी तेच.

मामा, तुझी दहा बोटं शाबूत आहेत. दोन बोटं नव्हती ती बाबांना. आणि बाबांची पाठ म्हणशील तर शेवटचे आठ महिने ती मी रोज ओल्या फडक्याने पुसलीय. दोन्ही खांद्यांवर साधा ओरखडा नव्हता.

आणि अजून आहे. बाराव्या ओळीच्या टोकाला शेऱ्याचा रकाना आहे. त्यात तुझं अक्षर नाही, डॉक्टरांचं आहे, लाल शाईत. ‘कातडीवर बंदुकीच्या दारूचे डाग. गोळी अगदी जवळून, स्वतःच्या हाताने. भित्रेपणा. सवडीने चौकशी.’ खाली सही.

हे तुझ्या नावापुढे लिहिलंय, मामा. मंडळाकडे या वहीची नक्कल असणारच, तुझा प्रत्येक अर्ज ते या ओळीशी ताडून बघतं. सातही वेळा त्यांनी हेच वाचलंय आणि तुझ्या तोंडावर सांगायची त्यांनाच लाज वाटली असेल. टेबलाखालचं स्टूल ओढून बसले, तर शेजारची बाई विचारायला लागली की खळ डोळ्यांत गेली का. मी हो म्हटलं.

एकच सांग. ओळी चुकून बदलल्या ना? एवढी गर्दी, तू स्वतः जखमी, लिहिताना गफलत झाली असेल. नुसतं ‘हो’ लिही. मी मानेन.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
भाची

•

ता. २६ मार्च

चि. खळबाईस अनेक आशीर्वाद.

‘हो’ लिहून पाहिलं. तो कागद फाडला.

तो शेरा मला माहीत नव्हता. पत्र वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. वाटलं, चष्म्याशिवाय वाचलं तर वेगळं काही लिहिलेलं असेल. बेचाळीस वर्षं मी अर्ज करतोय आणि तिकडे प्रत्येक टेबलावर कुणीतरी माझं नाव बघून तोंड वाकडं करतंय. मी मात्र त्यांना सविनय, सविनय करत बसलोय.

आता ऐक. तुझा बाप त्या सकाळी तंबूत आला तो हात पोटाशी धरून. बावीस वर्षांचा होता. मी पट्टी सोडून पाहिलं, हात काळा झालेला. तीन वर्षं त्या वह्या लिहीत होतो, काळा हात म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. अशा माणसाला बरा करून मग भिंतीशी उभा करत, हे त्यालाही माहीत होतं. मी त्याला म्हटलं रांगेत शेवटी बस. त्याची ओळ मी लिहिलीच नाही, लांबवत राहिलो.

दुपारी गोळा पडला तो तंबूच्या कडेला. मला मागून कुणी जोरात थापटल्यासारखं वाटलं. मलमपट्टीवाल्याने शर्ट फाडला आणि ओरडून जखम सांगितली, सवयीने, आणि मीही सवयीने लिहायला घेतली. नावाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि तेव्हा सुचलं. दोन नावं, दोन ओळी. त्याच्या गळ्यातली चिठ्ठी माझ्या गळ्यात, माझी त्याच्या.

माझा हिशेब असा होता की कारकुनाच्या हातात बंदूक कुठली, माझ्यावर कोण संशय घेणार. दोघंही नुसते जखमी म्हणून सुटू. पण मलमपट्टीवाल्याने काळ्या डागांची वेगळी चिठ्ठी दिली असावी. डॉक्टर संध्याकाळी वही आपल्या टेबलावर नेत आणि समोर माणूस नसताना शेरे भरत. मी नाव लिहिताना चिठ्ठी बघायचो, त्यांनी शेरा लिहिताना नाव पाहिलं. आम्हा दोघांपैकी कुणीच हात पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी तुकडी हलली, चौकशी राहिली ती राहिलीच.

पदकासोबत येणाऱ्या कागदावर नुसतं ‘जखमी’ असतं, अवयव नसतो. म्हणून मीही कोरा सोडत आलो. डावा खांदा लिहिला असता तर कुणीतरी वही उघडून बघितली असती. मला वाटायचं ‘जखमी’ एवढा एक शब्द पुरेल.

मंडळाला पुढच्या आठवड्यात कळवेन की अर्ज मागे घेतोय. ते पान तू नीट चिकटव आणि दाबाखाली ठेवून दे. तुझा बाप भला माणूस होता. संधिवात तर संधिवात.

तुझ्या मायेवर आयुष्य काढणारा,
मामा

•

ता. १ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद नंतर लिहीन.

तू पोरीला लिहिलेलं पत्र माझ्या हाती पडलं. पाकिटावर घरचा पत्ता आहे. कारकुनाचा हात, वर्षानुवर्षं लिहिला तोच पत्ता लिहून मोकळा झाला. मी गॅसजवळ उभी राहून वाचलं. दूध उतू गेलं ते बर्नर विझल्यावर कळलं.

लढाई संपल्यावर सहा महिन्यांनी तू त्यांना घरी घेऊन आलास. आप्पांना म्हणालास, मुलगा आघाडीवर जखमी झालाय, पदक आहे, ताईला असा नवरा मिळणार नाही. मी दाराआड उभी होते. पदक बघून मी हो म्हटलं होतं रे.

अर्ज मागे घेऊ नकोस. मला विचारल्याशिवाय काहीही करू नकोस. आतापर्यंत पुष्कळ केलंस.

ताई

•

ता. ८ एप्रिल

ती. मामास
सा. न. वि. वि.

आईने तुझं पत्र मला वाचायला दिलं. पहिल्या दिवशी सवयीने फडकं घेऊन पदकाशी गेली आणि तशीच उभी राहिली, फडकं हातात. काच पुसली नाही, तिथून हललीही नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, पान दाखव. कचेरीत नेलं. तिने चष्मा पुसला, अकरावी ओळ वाचली, बारावी वाचली, आणि लाल अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे त्यांना माहीत होतं का. मी म्हटलं, तुला माहीत नव्हतं तर त्यांना कुठून. ती म्हणाली, मी शेऱ्याचं विचारत नाही. धाकट्याच्या जखमेवर आपण जगतोय हे माहीत होतं का.

तुझ्याशी खरं बोलते. तू मंडळापुढे जाऊ नयेस असंच मला वाटतंय. भित्रेपणा हा शब्द तुझ्या नावावरून निघाला की जाणार कुठे? एक ओळ वर, बाबांच्या नावावर. माझ्याच हातून. त्या जुन्या लाल शाईला पाणी लागलं की ती पसरते. परवा कुंचला ओला करून मी त्या रकान्यावर धरला होता. पाण्याचा थेंब टोकाशी आला होता. दुसऱ्या कुणाच्या बापाची ओळ असती तर असा कुंचला धरणाऱ्याला मी नोकरीवरून काढा म्हणाले असते. शेवटी तो थेंब माझ्याच बाहीवर टिपला.

पान आता वाळलंय. चांगलं निघालं, अक्षरन् अक्षर वाचता येतंय. आई म्हणते, धाकट्याला कळव, बावीसला दहा वाजता हजर राहायचं. पुढचं ती बोलत नाही.

स्वतःचीच लाज वाटणारी, तरी तुझीच,
भाची

•

ता. २४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यात धर.

परवा मंडळाच्या व्हरांड्यात मी तुझ्यासमोरून गेले आणि बोलले नाही. तू बाकावरून उठलास, एक्स-रेचं पाकीट खाली पडलं, तरी थांबले नाही. थांबले असते तर तिथेच दोन थोबाडीत दिल्या असत्या, साठीच्या वर गेलेल्या माणसाला, शिपायासमोर. म्हणून लिहितेय.

तुला आत बोलावलं, शर्ट काढायला लावला, हात टेबलावर ठेवायला सांगितले, आणि वहीबद्दल एक शब्द विचारला नाही, याचं तुला नवल वाटलं असेल. तुझ्याआधी अर्धा तास मी आत होते. पोरगी पान घेऊन बरोबर होती. मी त्या तिघांना सांगितलं की अकराव्या ओळीतली जखम माझ्या नवऱ्याला नव्हती. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याची पाठ मला पाठ आहे. मग पोरीने सांगितलं, आजारपणात तिनेही पाहिलीय. लष्करी डॉक्टर होता तो दोन ओळींवरून नुसती नजर फिरवत राहिला, वर, खाली, वर, खाली. त्याच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं, त्याची शाई त्याच्याच कागदावर सांडत होती. इतकी वर्षं इथे बसतोय, म्हणाला, हात दाखवा असं आम्ही एकदाही म्हटलं नाही.

पदक मी टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, ते परत घ्यावं लागेल. मी म्हटलं, त्यासाठीच आणलंय. तुझ्या नावाचं नवं येईल, दोन महिने लागतील. खांद्याचा कागद आधी येईल, शिक्क्यासकट. डॉक्टरच्या नाकावर टिच्चून दाखव.

मग त्यांचा कारकून विचारायला लागला की दुरुस्त केलेल्या ओळीत माझ्या यजमानांपुढे काय शेरा लिहायचा, जुनाच उतरवून घ्यायचा का. मी म्हटलं, बावीस वर्षांचा होता, घाबरला होता, असं लिहा. तो म्हणाला, असा शेरा नसतो. मी म्हटलं, मग कोरा ठेवा, पण तो शब्द मी लिहू देणार नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोरा ठेवला.

तुझ्यावर माझा राग आहे तो पदकाचा नाही. ताट पडून दणका झाला की ते उठून आतल्या खोलीत जायचे. मी पाणी घेऊन मागे. काय होतंय विचारलं की म्हणायचे, बोटं दुखतात. नसलेली बोटं. मी त्या दोन बोटांच्या जागी तेल लावत बसायचे, वीस वीस मिनिटं, आणि ते गप्प. तुम्ही दोघांनी मिळून मला चाळीस वर्षं चुकीच्या जागी तेल लावायला लावलंत. एकदा सांगितलं असतंस, ताई, हा घाबरलेला मुलगा आहे, तरी मी हो म्हटलं असतं. कदाचित जास्त लवकर म्हटलं असतं. आता कुणाला सांगू, की घाबरलात तरी चालतं?

आणि तुला काय सांगू. मी तुझी मोठी बहीण. घरात जखमी माणूस एकच, असं धरून चालले. तू हात वर होत नाही म्हणायचास, मी म्हणायचे, कामचुकार. पोरीचं बोट त्या खड्ड्यात जायचं, माझी नजर कधी गेली नाही.

रविवारी ये. सकाळीच ये, उजेड असताना. शर्ट काढून खिडकीशी बस. मला ती जखम बघायची आहे.

रागासकट तुझीच,
ताई