अप्पा, तुमचं करंट खातं आज बंद केलं

प्रिय अप्पा,

सकाळी तुमच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. "प्रिय ग्राहक, आपल्या चालू खात्यातून सेवाशुल्क वजा करण्यात आले आहे." तुमी जाऊन महिना होऊन गेला, पण बँकेला तुमी अजून प्रियच आहात! म्हणलं, बँक तुमाला लिहू शकते तर मी का नाही?

तेवढ्यासाठी काही मी पेन हातात घेतला नसता. तुमाला माहीत आहे, दहावीच्या पेपरात सुद्धा मी कधी पुरवणी मागितली नव्हती. लिहायलोय ते यासाठी की आज जिंतूरला जाऊन तुमचं करंट खातं बंद करून आलो. अन् घरी, बोरीच्या गाडीत बसायचं सोडून उलट्या गाडीत बसलो. देवगाव फाट्यावर उतरलो. इथं का, विचारू नका. गाडी लागली होती, बसलो. माझं सगळं असंच असतंय.

टपरीवर चहा घेतला, शेजारच्या दुकानातून वही घेतली. समोर जालन्याकडं जाणाऱ्या गाड्या थांबायल्यात अन् चालल्यात. एका टेम्पोत शेळ्या आहेत, त्यातली एक माझ्याकडंच बघायलीय. खिशात तुमचा मोबाइल, माझा मोबाइल अन् नव्या बँकेचं क्यूआर स्टिकर. घरी जायला पाय उठंना, अप्पा.

त्या खात्याची गोष्ट तुमी किती वेळा सांगितली असंल! पंपाच्या कंपनीचा एजंट म्हणला, दुकानाच्या नावाचा चेक असंल तरच माल मिळंल. मग तुमी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिंतूरला गेले. बँकेच्या साहेबानं खुर्ची दिली, चहा पाजला, अन् म्हणला, "या मालक." बोरीत फवारणीचे पंप दुरुस्त करणारा माणूस, नखात काळं ग्रीस, अन् त्याला कुणीतरी मालक म्हणलं! त्या एका "मालक"साठी तुमी आयुष्यभर त्या बँकेला धरून राहिले.

आधी फक्त चेकबुकाचे पैसे कापायचे. मग कमीत कमी शिल्लक वाढवली, खाली गेलं की दंड. मग मेसेजचे. मग रोख भरण्याचे. आपलेच पैसे आपल्याच खात्यात भरायचे पैसे! मग त्या बोलणाऱ्या डब्याचं भाडं. डब्यातली बाई "रुपये प्राप्त झाले" म्हणली की तुमी मान वर न करता "बरं माय" म्हणायचे. गिऱ्हाईक हसायचं, तुमाला कळायचंच नाही का हसायलंय.

आपला धंदा तो केवढा? सोयाबीनच्या फवारणीला रांग, अन् उन्हाळ्यात दुकानात माशीसुद्धा येत नाही. बारा महिने शिल्लक ठेवायची कुठून?

आठवतंय का आपलं भांडण?

"अप्पा, जिंतुरात नवी बँक आलीय. करंट खात्याला शिल्लकच नको म्हणती."

"नवी सून बी पयल्या वर्षी गोडच बोलती."

"मंग जुनी काय करायलीय? दर महिन्याला कापायलीच की!"

"घरचं मानूस हाय. घेतलं थोडं."

"घरचं? तिथं साहेब दर साली बदलतोय. तुमाला वळखतं तरी का कुनी?"

तुमी पंपाचं वॉशर बसवत राहिले. त्या वॉशरला एवढा वेळ लागत नसतो, अप्पा.

अन् तो चौकोन! तो आठवला की मला आताही कळत नाही हसावं का काय करावं. कागदाचं क्यूआर स्टिकर उन्हानं पांढरं पडायचं, औषधाच्या हातांनी चिकट व्हायचं. दर वेळी नवं मागवलं की त्याचे पैसे कापायचे. मग तुमी अन्वरचाचाला बोलावलं. चाचा म्हणजे बोरीतल्या निम्म्या पाट्या अन् सगळ्या ट्रॉल्या रंगवणारा माणूस. तुमी त्याला सांगितलं, शटरच्या बाजूच्या भिंतीवर हेच चित्र मोठं काढ, ऑइल पेंटनं. पाऊस येवो का ऊन, जायला नको!

चाचा दोन दिवस स्टुलावर बसून पट्टीनं चौकटी आखत होता. "अप्पा, ये कौन सी जबान है?" म्हणला. तुमी म्हणले, "पैशाची." निम्मं गाव बघायला. झाल्यावर तुमी चाचाला फेटा बांधला, नारळ फोडला, अन् मोबाइल धरला. काही येईना. मागं सरकले, येईना. अजून मागं, अजून मागं, पार रस्त्याच्या मधोमध! टेम्पोवाला हॉर्न मारायलाय अन् तुमी त्यालाच म्हणायलेत, "थांब रे, कनेक्शन यायलंय!"

कुठंतरी एक ठिपका चुकला होता. चाचा आठवडाभर शोधत होता, सापडला नाही. मी म्हणलं, चुना मारून टाका. तुमी म्हणले, "ऱ्हाऊ दे. लांबून दुकान तर दिसतंय." अन् दिसतंच की. आता बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना लोक चौकटीची भिंत म्हणूनच सांगतात.

मी लगेच मुद्दा सोडून भटकतोय. तुमी असते तर म्हणले असते, "नाग्या, गाडी रुळावर आन."

तुमी बँक बदलायला तयार झाले ते कशानं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. शिल्लक कमी पडली म्हणून दंड बसला, अन् त्या दंडावर परत टॅक्स. मी मेसेज वाचून दाखवला. तुमी पाना खाली ठेवला अन् पोट धरून हसले. "दंडावर टॅक्स! हे तर निजामाला बी सुचलं न्हाई!" हसता हसता डोळे पुसले. मग म्हणले, "बदल बाबा. पण माझी एक अट हाय. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नाव माझंच आलं पायजे. मानूस नाव बघूनच पैशे सोडतंय."

खरंच होतं ते. स्कॅन केलं की पहिल्यांदा तुमचं नाव यायचं. म्हातारी माणसं मोठ्यानं वाचायची, "गुरलिंगअप्पा यायलंय, बरोबर का?" तुमी म्हणायचे, "बरोबर." दिवसातून कितीदा तरी लोक तुमाला तुमच्या नावानं हाक मारायचे, नाही का? मी म्हणलं, "अप्पा, शब्द. नाव तुमचंच ठेवतो."

सोमवारी जायचं ठरलं. तुमचं बँकेचं काम सोमवारशिवाय होतच नसायचं. लिंगपूजा करायची, कपाळाला विभूती लावायची, मग गाडी धरायची. अन् रविवारी दुपारी तुमी एका पंपाचं नोझल तोंडानं फुंकत होते. किती वेळा सांगितलं होतं, औषध असतंय त्यात, पिन घाला! ऐकलं का कधी? फुंकलं, स्टुलावर टेकले, मान खाली घातली. मला वाटलं नोझल बघायलेत. मी समोरच मोबाइलवर काहीतरी बघत बसलो होतो. किती वेळ, माहीत नाही.

तुमाला बसवूनच नेलं, आपल्या लिंगायतांत नेतात तसं. समाधीतही बसवूनच ठेवलं. हातात लिंग, अंगाला विभूती, मांडीवर बेल. अगदी स्टुलावर बसायचे तसंच दिसत होते. स्वामी मंत्र म्हणत होते अन् माझ्या डोक्यात काय यावं? आज सोमवार, बँक उघडली असंल.

नव्या बँकेत गेलो. टायवाल्यानं कागद बघितले. मी विचारलं, "वडलांचंच नाव ठेवता येईल का?" तो म्हणला, "सर, मयताच्या नावानं खातं कसं उघडणार? तुमचं नाव येईल. चांगलंय की, मालक झालात!"

चांगलंय म्हणे! तुमाला "मालक" म्हणले तेव्हा खुर्ची दिली होती, चहा दिला होता. मला उभ्यानंच मालक केलं. अप्पा, तुमी एकच गोष्ट मागितली होती, अन् ती मला पुरी करता आली नाही. माझं नाव वाचून कोण पैसे सोडंल? बोरीत माझ्या नावावर कुणी बिडी देत नाही.

मग आज जुन्या बँकेत. खिडकीतल्या मॅडम म्हणल्या, "खातं बंद करायला खातेदार लागतील." मी मृत्यूचा दाखला पुढं सरकवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"अहो, हे सोमवारचे अप्पा का? विभूतीवाले?"

"व्हय."

"त्यांच्या प्रत्येक स्लिपवर पांढरं बोट उठलेलं असायचं. मला म्हणायचे, माय, पंख्याचं वारं तुमच्यापस्तोर यीना, खुर्ची सरकवा." अन् त्या चष्मा पुसत राहिल्या. मागचे लोक ओरडायले तरी पुसतच होत्या.

ओळखत होतं की तुमाला तिथं कुणीतरी! तुमी मला का नाही सांगितलं? त्या दिवशी वॉशर फिरवत बसले, त्यापेक्षा म्हणायचं होतं ना, नाग्या, वळखतेत रे मला!

मी विचारलं, "बंद करायचे किती कापता?"

"मृत्यू असेल तर काही नाही. सगळे चार्ज माफ."

ऐकलं का, अप्पा? माफ! इतक्या वर्षांत त्या बँकेनं तुमाला फुकट दिलेली ही एकच गोष्ट. शुल्क टाळायचा हाच रस्ता होता का हो? अन् आता वाचवून मी करू काय? कुणासाठी करू? मॅडमनी माझ्यासमोरच बटण दाबलं. म्हणल्या, झालं. एवढंसं बटण, आवाजसुद्धा नाही आला. तो बोलणारा डबाही परत द्यायचाय. घरी माय रोज सकाळी त्याला विभूती लावती. काल विचारत होती, "ती बाई बी जानार का रे?" मी काय सांगायचं?

म्हणून मी उलट्या गाडीत बसलो. जालना, मग तिथून कुठंही. असं सोडून जाणं मला जमतं, तुमाला माहीतच आहे. दुकान कुणाला तरी देऊन टाकू, मायला म्हणू तू मामाकडं जा. इथवर लिहून मी वही मिटली होती. जालन्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडायला होता.

तेवढ्यात मायचा फोन आला.

"कुठं हायस?"

"देवगाव फाट्याला."

माय म्हणली, "तिथं काय हाय?"

"कायबी न्हाई."

"मंग ये की." मग म्हणली, "दुकानावर एक बाबा आलेत पंप न्यायला. मोबाइल धरून हुभे हायत, पैशे जाईनात म्हणतेत. अप्पाचं नावच यीना म्हणतेत. काय सांगू त्यास्नी?"

मी फोन कानाला घट्ट धरला. मायच्या मागून अन्वरचाचाचा आवाज आला, "अरे, दीवारवाले को धर के देखो ना!" अन् ते बाबा खरंच भिंतीपाशी गेले असतील, कारण सगळे हसायले. चाचा ओरडायलाय, "पीछे, पीछे, और पीछे! अप्पा वहां तक गए थे!" माय पण हसली, अप्पा. तुमच्यामागं पहिल्यांदा हसली. हसता हसता रडायली अन् फोन तसाच चालू राहिला.

एक सांगतो, कुणाला सांगितलं नव्हतं. परवा शटर लावल्यावर मी पण त्या भिंतीपुढं उभा राहून मोबाइल धरला होता. कॅमेरा ते चौकोन बघत राहिला. काहीच उघडलं नाही. काय उघडायला पाहिजे होतं? मला काय वाटलं होतं, तुमचं नाव येईल? "बरोबर" म्हणाल?

जालन्याची गाडी गेली. शेळ्यांचा टेम्पोही गेला. मी इथंच बसलोय.

कायमचा दुकानावर बसंन असा शब्द मी देत नाही, एक देऊन बघितला. पण एवढं करीन. नवं स्टिकर लावीन ते बाजूला, तुमच्या चौकोनावर नाही. त्याला चुना लागू देणार नाही. रंग उडाला तर चाचाला परत स्टुलावर बसवीन, चुकलेल्या ठिपक्यासकट तसाच काढायला लावीन. त्या भिंतीतून कुणाला काही कापता येत नाही, अन् तिला बंद करायला कुणाचा दाखलाही चालत नाही. अन् कुणी नवं स्टिकर स्कॅन करून विचारलं, "हे कुणाचं नाव यायलंय?" तर सांगीन, गुरलिंगअप्पाच्या पोराचं.

जिंतूरची गाडी दिसायलीय. उठतो. ते बाबा पंपासाठी थांबलेत.

तुमचा,
नाग्या