आईचं कार्ड

प्रिय दादा,

आईनं शेवटच्या आजारपणात माझ्यासाठी बोलणं भरून ठेवलेलं मेमरी कार्ड तू पाठवलंस. "सगळं आहे त्यात," म्हणालास. माझा कॉम्प्युटर मात्र त्याला ओळखच देईना. खोडरबरानं त्याच्या सोनेरी पट्ट्या घासल्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही लावून पाहिलं. चार दिवस स्वतःलाच अडाणी म्हणत होते.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेले. हसू दाबत तो म्हणाला, "ताई, हे नुसतं कव्हर आहे. आत नखाएवढं कार्ड बसतं, तेच नाहीये."

घाईत राहिलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण वहिनीनं दोनदा फोन करून "लागलं का गं ते?" विचारलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली. म्हणून काल तुझा फोन आल्यावर मुद्दाम म्हटलं, "लागलं रे कार्ड. आईचं सगळं ऐकलं."

आई काय म्हणाली, असं तू विचारशील वाटलं होतं.

तू म्हणालास, "कसं शक्य आहे?"

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझं कव्हर तेवढं परत धाडतेय, आलं तसंच.

तुझी, अजून तरी,
धाकटी बहीण