मार्यूनचं स्वयंपाकघर सापडत नाही

प्रिय हॉग्नी,

(वर आधी ‘जावईबापू’ लिहून खोडलंय. तुमच्या घटस्फोटाला दोन वर्षं झाली, पण माझ्या हाताला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.)

आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. तुझ्या सासऱ्यांना, हानुसना, आता खिडकी कुठे आहे एवढंच दिसतं. बाहेर काय आहे ते मला विचारतात, आणि मी ‘धुकं’ म्हटलं की मी बघायचा आळस करतेय असा त्यांना संशय येतो. तू कसा आहेस? तोर्शहाव्नला नीट स्वयंपाक करतोस की उभ्याउभ्या पाव खातोस?

तर झालं असं, की त्यांना पेपर वाचून दाखवणारा तुझा तो जुना कॉम्प्युटर जानेवारीत बंद पडला. नवा आणला. वाचणारा प्रोग्रॅम त्यावर झटक्यात बसला, पण त्याला आपली फरोई भाषा येईना. तू ठेवून गेलेली सूचनांची चिठ्ठी काढली. तीत तू लिहिलंयस, ‘आवाजाची लायब्ररी मूळ कोडवरून वेगळी बांधून घ्यावी.’ मी हे मोठ्याने वाचलं, तर हानुस म्हणाले, “नवी कशाला बांधायची? शाळेशेजारी आहे की एक!”

सुन्वाला फोन केला. “आई, ते हॉग्नीलाच विचार. मी नाही विचारणार,” म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, “खोकला गेला का गं त्याचा?” (गेला का?)

म्हटलं, चाळीस वर्षं स्वेटरचे नमुने वाचून विणतेय, हे काय अवघड? बसले. पहिल्यांदा ते म्हणालं कंपायलर, म्हणजे कोडवरून बांधकाम करणारं अवजार, नाही. तो घातला. मग पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘मार्यूनचं स्वयंपाकघर सापडत नाही.’ हॉग्नी, मी चष्मा पुसला. मी माझ्या त्याच स्वयंपाकघरात बसले होते! चुलीवर बटाटे होते! मग हळूहळू उलगडलं. त्या हिवाळ्यात तू आमच्याच टेबलाशी बसून हे सगळं लिहिलंस, शब्दकोशाच्या फोल्डरला ते नाव दिलंस, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये तुझ्या कॉम्प्युटरवरचा पत्ता तसाच राहिला. हानुसना सांगितलं. हात लांबवून त्यांनी तुझी ती खुर्ची चाचपली. मग म्हणाले, “खुर्ची मागे झुकवून बसायचा. मोडेल म्हणून मी ओरडायचो.”

पत्ता बदलला. (नाव तेच ठेवलंय.) तरी पुन्हा तीच लाल अक्षरं! तासाभराने चिठ्ठीच्या मागे दिसलं: ‘काहीही बदललं तर आधीचं अर्धवट बांधकाम पूर्ण पुसून नव्याने सुरू करावं, नाहीतर ते जुन्याच गोष्टी धरून बसतं.’ (हे एवढं शहाणपण तुम्हा दोघांपैकी एकाने तरी घरी वापरलं असतं तर, असं मनात आलं. पण मी काही म्हणत नाही.) पुसलं. बांधलं. एकही चूक नाही. मी टाळी वाजवली.

हानुसना खुर्चीत बसवून मृत्यूच्या बातम्या लावल्या, त्यांना आधी त्याच लागतात. आणि यंत्र वाचू लागलं डॅनिशमध्ये! आपली सगळी नावं घशात चेंगरून. हानुस ताडकन उठले. “माझ्या मित्रांना हे कोपनहेगनला का पुरतायत?” तुझी लायब्ररी शेजारी तयार बसलेली, पण प्रोग्रॅम आपल्या पोटातलीच वापरत होता.

आता काय करायचं ते कळव. घाई नाही. जेवत जा.

तुझी सासू (कायद्याचं कायदा बघेल),
मार्यून

ता. क. – हे असलं फोनवर समजत नाही, म्हणून शनिवारच्या बोटीने तूच ये. सुन्वाही त्याच दिवशी येतेय, पण तो निव्वळ योगायोग आहे. मीच जुळवलाय.

ता. क. २ – खरं सांगायचं तर ‘बाहेरची लायब्ररी वापरू का’ असं एक सेटिंग होतं, तिथे ‘नाही’चं ‘हो’ केलं. गुरुवारपासून यंत्र अस्सल फरोई बोलतंय. हानुसनी अख्खा पेपर ऐकला, डोळे पुसले आणि म्हणाले, “हे त्याला कळवू नकोस. दुरुस्त झालं म्हटल्यावर पोरगा कशाला येईल?”

म्हणून हे कळवत नाहीये.