हळदीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

आखाडा बाळापूर
१८ मे २००७

प्रिय सपना,

अक्षर ओळखून दचकली असशील. सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, आणि आता खिशात मोबाइल असताना मी कागद काळे करतोय. फोनवर तू मधेच काही विचारशील आणि मी नेहमीसारखा विषय बदलीन. म्हणून कागदच बरा.

बाबा गेले. मागच्या मंगळवारी, दुपारी, जेवणं झाल्यावर. तुझ्या लाडक्या ग्यानोबा काकांना शेवटी श्वासच पुरत नव्हता. तुला कळवलं नाही, आणि का नाही ते सांगायला मला अजून दोन पानं लागतील. वाच मात्र शेवटपर्यंत.

तुझा तो अल्बम आठवतो का, असं विचारणं म्हणजे तुझ्या आईला, सोजराकाकूंना, हळद आठवते का असं विचारणं. नांदेडचा स्टुडिओ, दातांच्या दवाखान्यामागचा. भिंतींना गोणपाट ठोकलेलं. काचेच्या खोलीत तू, कानांवर हेडफोन आणि पाय अनवाणी, कारण गाताना पायात चपला नकोत ही बाबांची शिकवण. रेकॉर्डिंग करणाऱ्या रतनसिंगांना हसू आवरेना. भीमजयंतीच्या स्टेजवर गाणारी आपली पार्टी. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि 'पॉप अल्बम' हा शब्द बाळापुरात आपणच आणला. मी तर कीबोर्ड घेतल्यापासून जमिनीवर चालतच नव्हतो. बाबा काही नांदेडला आले नाहीत. म्हणाले, "तुमी तरणी लेकरं जा. माझं नाव हाय की शेवटच्या कडव्यात. थे येईल तुमच्यासंगं."

आपल्याकडे कवी सही करतो ती शेवटच्या कडव्यात. सोजराकाकू दुसऱ्याच्या शेतात हळद काढायच्या, त्यांचे हात बघून बाबांनी ते गाणं रचलं होतं. 'हात पिवळे झाले बाई, लगीन न्हाई झालं.' आणि शेवटी, 'बाळापूरचा ग्यानोबा सांगे, ऐका साऱ्या जणी, कष्टाचा ह्यो रंग धुईना कयाधूच्या पाणी.' तू ते एका दमात गायलीस. दुसरा टेक लागला नाही. मग काकूंना ताप होता म्हणून तू दुपारच्या एसटीनं घरी निघालीस, आणि मिक्सिंगला मी थांबलो.

औंढ्याच्या जत्रेला कॅसेट आली आणि काय गाजली! हिंगोलीच्या जीपमध्ये तूच, वरातीत तूच. पोरी हळदीच्या रानात तुझ्यासारख्या ताना घ्यायला लागल्या. बाबा रोज धुतलेलं धोतर नेसून स्टॅण्डवर जायचे, जीपच्या टेपजवळ उभे राहायचे. गाणं संपायचं, शेवटी कीबोर्ड वाजायचा आणि पुढचं गाणं सुरू. त्यांचं कडवं येतच नव्हतं. आधी त्यांना वाटलं जीपवाल्याची टेप खराब आहे. मग दुसरी जीप, तिसरी जीप. शेवटी पानटपरीवरून कॅसेट विकत आणली आणि कव्हर माझ्यासमोर धरलं. त्यावर छापलं होतं, 'गीत : पारंपरिक.' कव्हर करणारा माणूस गाणी ऐकून शेवटच्या कडव्यांतली नावं उतरवून घ्यायचा, त्याची तीच पद्धत. आपल्या गाण्यात त्याला नाव सापडलं नाही. बाबांनी मला विचारलं, "हा पारंपरिक कोण्या गावचा हाय रे?"

मला हसू आलं होतं, सपना. अजून ते हसू आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

मग त्यांनी विचारलं, कडवं कुठं गेलं. मी म्हणालो, सपनाला घरी जायची घाई होती, तिनं ते म्हटलंच नाही.

तू पेढे घेऊन आलीस त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून का बसले होते, ते आता कळलं ना? "पोरी, गान्याला बी माय-बाप असतेत," एवढंच बोलले. तुला वाटलं, पॉप गायलीस म्हणून रागावले. मीही तुला तेच सांगितलं, तुझी पिशवी उचलून तुझ्या गावच्या एसटीत बसवून देताना. म्हातारा हेकट आहे, मनावर घेऊ नकोस, म्हणालो. कडवं कसं गेलं ते त्यांना मी समजावलंय, असंही सांगितलं. कंपनीनं दुसऱ्या अल्बमला बोलावलं तेव्हा काकांच्या गाण्यांशिवाय गाणार नाही म्हणालीस, आणि लग्न करून उल्हासनगरला गेलीस. त्यानंतर तू गायली नाहीस असं काकू सांगतात. इकडे एक नवी पार्टी तेच गाणं म्हणते, शेवटी स्वतःच्या कवीचं नाव घालून. मी भांडायला गेलो होतो. ते म्हणाले, कव्हर दाखवा. मी काय दाखवणार?

रतनसिंगांनी मिक्सिंगच्या त्या दुपारी सरळ विचारलं होतं. कॅसेटची साइड भरली आहे, अर्धं मिनिट कमी करा; एक तर शेवटचं कडवं जाईल, नाही तर कीबोर्डचा पीस. दोनदा विचारलं बिचाऱ्यांनी. पीस माझा होता. मी म्हणालो, कडवं काढा, बाबा घरचेच आहेत.

हे सगळं गिळून मी बसलोच असतो. पण जायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "सपनाला बोलाव. मह्या मनात काई न्हाई आता. एक डाव थे कडवं तिच्या तोंडून ऐकू दे." तुझा नंबर काकूंनी दिलेला, माझ्याजवळ होता. पण तू आली असतीस, तर 'काका, मी ते गायले होते,' असं म्हणाली असतीस. मी मोबाइल घेऊन अंगणात गेलो. कुणालाच न लावता कानाला धरला, थोडं बोलल्यासारखं केलं आणि आत येऊन सांगितलं, ती नाही म्हणते. बाबा म्हणाले, "बराबर हाय तिचं," आणि कूस बदलली. पुन्हा काही मागितलं नाही, पाणीसुद्धा. माफी मागायला लिहीत नाही, ती आता कोण देणार? पण काका आपल्यावर राग धरून गेले असं तू जन्मभर समजत राहशील, तेवढं तरी नको. त्यांचा राग गेला होता. तूच त्यांच्यावर रागावलीस, असं समजून ते गेले.

तुझा म्हणवून घ्यायला तोंड न उरलेला,
भीमराज