मुनग्याचा डबा

मुधोळ,
२० नोव्हेंबर २०१६

लाडक्या रुखमीले तुझ्या अक्काचा आशीर्वाद.

इकडं सारे बरे आहेत. कापूस वेचणं चालू आहे. ह्यांचे गुडघे दुखूनच राह्यले. म्हैस अर्धा लिटर जास्त दूध देऊन राह्यली, डोमाजी गवळी रोज विचारते, काय चारता म्हणून. फोन करत नाई, पत्र लिवते, कारण फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भांडाले लागते.

प्रणिता कशी आहे? गोळ्या वेळेवर खाते का? पोटच्या लेकीची खबर बहिणीले विचारा लागते, पाह्य माझी दशा! पयलं बाळंतपण मायच्या घरी होते, साऱ्या गावाची रीत आहे. बाया विचारतात, "मथुराबाई, लेक सातव्या महिन्यात आणली अन् नवव्यात मावशीकडं काऊन गेली?" मी सांगते, तिकडं दवाखाना मोठा आहे. दसऱ्याला सरकारनं जिल्हा तोडला, आमाले निर्मलात टाकलं, तुमाले आदिलाबादेत ठेवलं. त्या वाटणीत माझी लेकही तुझ्याच वाट्याले गेली काय?

खरं सांगू? मी जळते तुझ्यावर. आजची नाई, लहानपणापासून. तू अंगणवाडीची बाई झाली, ट्रेनिंगा केल्या, अन् बोलली की सारे मान डोलावतात. "अक्का, नुसत्या पांढऱ्या भातानं रक्त वाढत नाई. तिले ज्वारीची भाकर दे, मुनग्याचा पाला दे, अंडं दे." अवं, आपण ज्वारी खाऊनच मोठ्या झालो, तवा लोक हसत होते आपल्याले. माहेरी आलेल्या लेकीले मी तेच वाढू? बारीक तांदळाचा भात अन् गावरान तूप वाढलं म्या. आता टीव्हीवाले त्याच ज्वारीले डोक्यावर घेऊन नाचतात. मुनग्याले शेवगा म्हणतात अन् सुपरफूड म्हणतात. आपल्या बांधावर शेळ्या खात होत्या तो!

अन् ही पोरगी. ताटावर बसली की "मावशी असं म्हणते, मावशी तसं म्हणते." माझ्या तुपाले बोट लावेना. त्यात दसऱ्याला तुझा डबा आला, वाळल्या पाल्याच्या भुकटीचा.

आता लिवूनच टाकते. तो डबा म्या तिले दिला नाई. रोज एक मूठ म्हशीच्या सरकीत टाकली. वरून सांगतलं, मावशीनं काई पाठोलं नाई म्हणून. पंधरा दिवसांत म्हैस चकाकाले लागली, अन् इकडं डॉक्टरीण बाई म्हणे, पोरीचं रक्त आठवर आलं. साडेनऊचं आठ! माझ्या तुपानं काईच केलं नाई, रुखमे.

रिकामा डबा प्रणितालेच सापडला, गोठ्यात. त्याच्यावर तू तिचं नाव लिवलं होतं. तो माझ्यासमोर आणून ठेवला गं तिनं. पिशवी भरली अन् जावयाले फोन केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिच्याबिगर घर खायाले उठते. दूध तापवते तवा साय पाहून रडू येते मले. हे म्हणतात, म्हैस विकून टाक. म्हशीचा काय दोष?

बाळंतपण तुझ्याच घरी होऊ दे. पण कळा सुरू झाल्या की पयला फोन मले कर, हात जोडते. असेल त्या गाडीनं निघते. तिले मी आत नको असली तर ओसरीवर बसते.

ह्यांच्या हाती तोच डबा पाठोते. बांधावरच्या मुनग्याचा पाला म्या सावलीत वाळवला, तू शिकोलं तसा, दोनदा चाळला. भाकरीच्या पिठात मळून दे. अन् एक कर. मायनं पाठोला म्हणून सांगू नको, खाणार नाई ती. तुझाच म्हणून दे.

तुझी जळकुकडी अक्का,
मथुरा