ओल कुठल्या बाजूची

मी, कासम युसुफ हमदुले, वय एकोणपन्नास, मूळ राहणार तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, सध्या ओल्ड एअरपोर्ट, दोहा, धंदा तळघरांचे वॉटरप्रूफिंग, अल्लाहच्या नावाने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. दोन आठवड्यांनी हजला निघतो आहे. जाण्याआधी माणसाने आपले लिहून ठेवावे आणि ज्याचे मन दुखावले त्याची माफी मागावी. पहिले काम सोपे आहे.

१. गावचे घर, आंब्याची झाडे आणि बँकेतली शिल्लक यांत पत्नी रुकैया, मुलगी तय्यबा आणि भाऊ तनवीर यांचे हिस्से शरियतने ठरलेले आहेत. त्यात मी बोट घालत नाही. शिवणयंत्र रुकैयाचेच आहे, ते माझ्या मालमत्तेत धरू नये. हे तिने मला तीनदा बजावले आहे.

२. पाणी उपसायचा लहान पंप गावच्या मशिदीच्या हौदासाठी द्यावा. तो तनवीरला उसना देऊ नये. माझी शिडी १९९८ पासून त्याच्याकडे आहे.

३. हवेतली ओल मोजायचे यंत्र मी जावई सुफियान याला देतो. जावई वारस नसतो, म्हणूनच त्याला देता येते. कारण लिहितो.

तय्यबा आणि सुफियान कॅनडात, विनिपेगला, भाड्याच्या तळघरात राहतात. जानेवारी २००४ मध्ये तय्यबाचा फोन आला, "अब्बा, भिंतीला ओल आलीय." ओल म्हटले की मला जमिनीतले पाणीच दिसते. दोह्यात थोडे खणले की खारे पाणी लागते, वीस वर्षे मी त्याच्याशीच झगडलो. मी सांगितले, आतून प्लास्टिक लावा, वर फळ्या ठोका, खिडक्या बंद ठेवा.

सुफियान म्हणाला, "मामा, बाहेरची जमीन गोठून दगड झालीय. पाणी येणार कुठून?"

"अर्ध्या दोह्याची तळघरं मी कोरडी ठेवलीत. तू कम्प्युटरवाला, मला पाणी शिकवतोस?"

त्याने माझा मान ठेवला. मार्चमध्ये फळ्यांमागे काळी बुरशी निघाली. नात इनाया आठ महिन्यांची, खोकून खोकून चार दिवस इस्पितळात होती. सुफियानने सगळे उखडले आणि माझ्याशी बोलणे टाकले. मीही टाकले.

त्या ऑगस्टमध्ये साइटवरच्या एसीतून बाहेर आलो आणि चष्मा धुकटला. वीस वर्षे पुसत आलो होतो. त्या दिवशी पुसला नाही, बघत उभा राहिलो. हे पाणी कोणत्या जमिनीतले? दमट हवा गार काचेला लागली, एवढेच. तिकडे तय्यबाच्या तळघरात भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे, तिघांचा श्वास. ती उबदार हवा फळ्यांच्या फटींतून शिरून गार प्लास्टिकवर पाणी होत राहिली.

पारख सोपी होती. वीतभर प्लास्टिक चारही कडांनी भिंतीला चिकटवायचे, दोन दिवस थांबायचे. खोलीकडची बाजू भिजली तर ओल घरातली, भिंतीकडची भिजली तर जमिनीतली. मी विचारलेच नाही. आपण दोन्हींना ओलच म्हणतो, पण ती सबब झाली, माफी नव्हे.

सुफियानने फोमचे तक्ते फट न ठेवता भिंतीला चिकटवले, सांधे बंद केले, न्हाणीत पंखा लावला. भिंत कोरडी आहे म्हणतात. मला ती हात लावून बघायची आहे. यंत्र मी नंतर घेतले, घरभर फिरवतो. रुकैया म्हणते, "तसबीहचे मणी कमी, हेच जास्त हातात."

४. वरील मजकूर तिने वाचला. "मेल्यावर माफी मागणार? फोन कशाला घेतलाय?" आज मगरीबच्या नमाजनंतर लावला. माफी मागितली. कलम ३ वाचून दाखवले.

"प्लास्टिकचा तुकडा लावून बघितलात का तिकडे?" सुफियानने विचारले.

"बघितला. न्हाणीच्या भिंतीला."

"कुठली बाजू भिजली?"

"दोन्ही."

तो हसला. मग म्हणाला, "मामा, ते यंत्र मेल्यावर नको. हजहून आलात की घेऊन या. खोली आहे तुमची."

सबब कलम ३ मधली देणगी खोडली आहे. यंत्र मी स्वतः पोचवीन, इन्शाल्ला. न पोचलो, तर खोडलेले वाचता येईल अशीच रेघ मारली आहे.

सही : कासम युसुफ हमदुले

आमच्यासमोर सही केली. यातून आम्हाला काही मिळायचे नाही.
साक्षीदार : १. रियाज इब्राहिम सोलकर २. नंदू भास्कर शेवडे
दोहा, शुक्रवार, ८ डिसेंबर २००६